दोनशे तास अखंड

बाबांचा शेवटचा साधा दिवस म्हणजे रिसीव्हरच्या पहाऱ्याचा सहावा दिवस. दर्यापुरातल्या आमच्या बैठकीत गल्लीतली माणसं पाळ्या लावून बसली होती, हरिनाम सप्ताहाला बसतात तशी. मधोमध पाटावर तो स्वस्तातला डिजिटल स्टिरिओ रिसीव्हर, गळ्यात हार घातलेला. दोन बाजूंना डब्यासारखे दोन स्पीकर. यंत्र दोनशे तास अखंड वाजलं की त्याचा आवाज 'उघडतो', असं ते विकणाऱ्या अकोल्याच्या शालिकराम ध्वनिगुरूंनी सांगितलं होतं. मध्ये वीज गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे वीज रोजच जायची. एकदा मोजणी मोडल्यावर शेजारच्या नत्थुजींनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडली होती.

"यंत्र कच्चं हाये," नत्थुजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "नवी सून कशी, बोलाले टाइम लागते."

"आमची त पयल्याच दिवशी बोलली," पार्बताबाई म्हणाल्या.

हशा पिकला. बाबांनी मात्र मला जवळ बोलावलं. "रागिणी, सारा आवाज डावीकडूनच येते, उजव्या डब्यातून अजून काहीच येऊन नाही राहिलं. तुले येते का?"

मला पहिल्या दिवसापासून दोन्हीकडून स्वच्छ ऐकू येत होतं. त्या दिवसांत बाबा फोनसुद्धा उजव्याऐवजी डाव्या कानाला लावत होते, तेही मी पाहिलं होतं. पण कापसाच्या जिनिंगच्या घरघरीत तीस वर्षं काढलेल्या माणसानं पहिल्यांदाच स्वतःच्या हौशीसाठी काही आणलं होतं. शिवाय फोनवर गुरूंनी निर्वाळा दिला होता: ज्याच्या नावाची पावती, त्याच्या कानाला उजवी बाजू सगळ्यात शेवटी उघडते.

"मलेही थोडं थोडंच येते, बाबा," मी म्हणाले. "उघडंल."

उठताना त्यांचा तोल गेला. पायाला मुंग्या आल्या म्हणून तेच हसले.

दुसऱ्या सकाळी ते अंगणात कोसळले. अमरावतीला पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मेंदूचा झटका. "एका कानानं ऐकू येणं अचानक बंद झालं होतं का? कधीकधी तीच पहिली खूण असते," डॉक्टरांनी विचारलं.

तेरवी झाल्यावर शालिकराम स्वतः आले. बाबांची इच्छा म्हणून नत्थुजींनी पहारा पूर्ण करून घेतला होता. बैठक गच्च भरली.

"आत्मा म्हंजे लहर," गुरू डोळे मिटून म्हणाले, "अन् लहरीले मरण नाही. खुशालराव डिजिटल झाले. आता आयका."

त्यांनी रिसीव्हरवर शाल टाकली, दोन्ही हात शालीखाली घातले, काहीतरी पुटपुटले. आवाज एकदम भरदार झाला. पाटसुद्धा थरथरला. पार्बताबाईंनी हात जोडले.

माझी मैत्रीण कहकशाँ इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. ती मागून म्हणाली, "गुरुजी, पुन्हा एकदा करा. फक्त हात बाहेर ठेवा."

"हात बाहेर असले त शक्ती उतरत नाही, मॅडम."

"मग ती शक्ती बोटात आहे." कहकशाँनं शाल उचलली आणि एक बारीक बटण दाबलं. आवाज पुन्हा पूर्वीसारखा पातळ. परत दाबलं, भरदार. "याला लाउडनेस म्हणतात. मंद्र सूर वाढवतं. पहिल्या दिवशी दाबलं असतं, तरी हेच झालं असतं."

नत्थुजींनी स्वतः चारदा दाबून पाहिलं. "मंग आमी पहारा कायचा केला?"

"यंत्र परत घ्यायची मुदत किती आहे, गुरुजी?" कहकशाँनं विचारलं.

"सात दिवस," शालिकराम पुटपुटले.

"आणि दोनशे तास म्हणजे आठ दिवसांच्या वर. मुदत टळेपर्यंत तुम्हाला गुंतवून ठेवलं, नत्थुजी."

शालिकराम तडकले. "मंग खुशालरावाले उजवीकडून काहून येत नव्हतं? यंत्र कच्चं होतं म्हणूनच ना!"

"हो," नत्थुजी म्हणाले, "रागिणीलेही थोडंच येत होतं. माह्यासमोर सांगतलं तिनं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. कहकशाँसुद्धा.

"खोटं सांगतलं मी," मी म्हणाले. "मले दोन्हीकडून बरोबर येत होतं. यंत्र कच्चं नव्हतं, बाबाचा कान गेला होता. दवाखान्यात नेलं असतं त वाचले असते का, मले माहीत नाही. पण नेलं नाही. त्याहिचं मन मोडू नये म्हणून यंत्र उघडाची वाट पाहत बसले. तुमच्यापैकी कोणाचा कान असा अचानक गेला, त त्याच्या मनासारखं बोलू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. बाबा, उजवा डबा वाजत होता."