ठणाणाचा खरा वेग

खालच्या ओळीतली उजवीकडची दाढ जरा उंच बसली होती. केसभरच, पण जिभेला केसही ओंडक्याएवढा लागतो, आणि ही जीभ तर साधीसुधी नव्हे, बोंबल्याची जीभ. तिनं कवळी दिव्यासमोर धरली, फिरवली, गुलाबी हिरडीवरून अंगठा नेला… आणि अंगठ्याला काहीच कळलं नाही. गुळगुळीत की खरबरीत, गार की कोमट, काहीच नाही. झोपलाय मेला, ती मनात म्हणाली, आणि मुकाट्यानं तर्जनीनं तपासायला लागली, जणू पहिल्यापासून हे काम तर्जनीचंच होतं.

दातांच्या डॉक्टरच्या मागच्या खोलीत बसून ती वर्षानुवर्षं कवळ्या करत आली होती. मेण, प्लास्टर, साचे, आणि पॉलिशचं ते चाक — दिवसभर हातात थरथरत राहणारं. त्या थरथरीनंच अंगठ्याला गुंगी आणली असणार. सुरुवातीला सकाळी येऊन दुपारी जायची, आता मुक्कामालाच आली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. सांगितलं असतं तर तो काहीच बोलला नसता, आणि त्याचं काहीच न बोलणं फार वेळ चालतं.

आणि आज चार वाजता ठणाणा, त्यांचं जुनं बॅंडपथक, पुन्हा वाजणार होतं. बावीस वर्षांनी.

काल दादाचा फोन आला होता. ‘‘खुडबुडे, मी काय म्हणतो… उद्या ‘हळू बोला’ जरा हळू घेऊ या का? मुळात बांधलं होतं तसं?’’ ती ‘‘बघू’’ म्हणाली होती आणि फोन ठेवल्यापासून आतल्या आत उकळत होती. हळू! कुणी म्हणावं? जो जिना चढताना मध्येच थांबून भिंतीचा रंग न्याहाळतो, त्यानं? आणि हेही खरं की — इथं तिचा हात चाकावरून आपोआप खाली आला — हेही खरं, की दादाला अंगठ्याचं कळलंय की काय अशी भीती वाटली होती. फोनवरून अंगठा दिसत नाही, एवढं कळण्याइतकी अक्कल आहे मला. पण भीतीला कुठे असते?

दार ढकलून बोंबल्या आत आला, तोंडाचं बोळकं लपवायला हातरुमाल धरून. एकेकाळी या माणसानं तीनतीनशे माणसांच्या तोंडावर ओरडून दिवे हलवले होते. आता तो विमा विकत होता, आणि दात पडल्यापासून तेही हळू आवाजात.

‘‘झाली का गं?’’

‘‘आ कर.’’

कवळी बसली. त्यानं जीभ फिरवली, दातांवर दात आपटून पाहिले. मग म्हणाला, ‘‘बोलायला ठीक आहे. ओरडायला?’’

‘‘ओरडून बघ.’’

‘‘इथं?’’

‘‘मग काय स्टेजवर पहिल्यांदा बघणार आहेस? उडून पुढच्या रांगेत गेली तर?’’

त्यानं श्वास घेतला, डोळे मिटले आणि ओरडला. खोलीतल्या साच्यांच्या कपाटाची काच वाजली. बाहेरच्या खोलीतून डॉक्टर धावत आले, हातात इंजेक्शन तसंच. ‘‘कुणाला काय झालं?’’ ते म्हणाले, आणि त्यांच्या मागून खुर्चीतल्या पेशंटचा आवाज आला, ‘‘डॉक्टर, मी पुढच्या आठवड्यात येते.’’

कवळी मात्र जागची हलली नव्हती. बोंबल्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. तो म्हणाला, ‘‘अगं, आहे की अजून!’’ आणि तिला इतका आनंद झाला, इतका निर्भेळ, की क्षणभर अंगठ्याचा विसरच पडला.

तो गेल्यावर ती हत्यारं पुसत बसली, आणि तिला आठवत गेलं — कुणाला सांगून पटणार नाही असं ते — की ठणाणा जन्माला आलं ते हळू. कपडे धुण्याच्या दुकानामागची खोली. पलीकडे यंत्रं दिवसभर घरघरायची म्हणून कुणी तक्रार करत नसे. दादा गिटारवर, मुनी बेसवर, बोंबल्या गळ्यावर आणि ती ड्रमच्या मागे. गाणी जड, काळीकुट्ट, पाय ओढत चालणारी. जगाचा कंटाळा येण्याइतकं जग कुणी पाहिलं नव्हतं, पण कंटाळा मात्र पेन्शनरांसारखा मुरलेला. ती गाणी त्यांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे टेपवर भरली आणि त्यानं ढीगभर नकला काढून दिल्या. नकला काढताना मूळ टेप ज्या यंत्रावर लावली होती, त्याची मोटार नको तितकी जोरात पळत होती. कुणाच्या लक्षात यावं? चौघांत एकच कॅसेटप्लेअर होता, दादाचा, तो दुरुस्तीला त्याच रेडिओवाल्याकडे पडलेला. कॅसेटी वाटल्या गेल्या, विकल्या गेल्या, हातोहात पुढे गेल्या, आणि सगळ्या गावानं ठणाणा ऐकलं, फक्त ठणाणानं सोडून.

पहिला कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये. त्यांनी आपल्या वेगानं सुरुवात केली, आणि समोरची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एका मुलीनं विचारलं, अगदी काळजीनं, ‘‘तुम्ही आजारी आहात का?’’

त्या रात्री कुणाची तरी कॅसेट मागून आणून त्यांनी पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. तीन मिनिटांचं गाणं दोन मिनिटांत उरकलं होतं. बोंबल्याचा घोगरा आवाज चिमट्यात शेपूट सापडल्यासारखा वर गेला होता, दादाची गिटार करवतीसारखी चालली होती, आणि ड्रम… ते आपण वाजवलेत यावर तिचा विश्वास बसेना. दुसरे कुणी असते तर म्हणाले असते, टेप चुकली आहे. आम्हाला ते सुचलंच नाही. मुळाबरहुकूम नक्कल सगळेच करतात. आम्ही नकलेबरहुकूम मूळ करायला बसलो. दादानं सुरांतले सगळे नखरे काढून टाकले, कारण त्या वेगात नखऱ्याला सवडच नव्हती. तीन कॉर्ड, त्याही घणाघाती. बोंबल्या गायचा बंद झाला आणि एका श्वासात कडवं ओरडायला शिकला. आणि ती उशीवर सराव करायची. तासन्‌तास, दोन काठ्या घेऊन, कापूस बाहेर येईपर्यंत.

उशीवर, कारण घरात दिवसा आवाज करायचा नाही. आई इस्पितळात रात्रपाळीला. ती सकाळी यायची आणि दिवसभर झोपायची. लहानपणच असं गेलं, चपला हातात घेऊन चालण्यात, भांडी पाण्यात बुडवून ठेवण्यात, भांडणंसुद्धा ओठ हलवून करण्यात. तिची बोटं कायम कशावर तरी टकटक करायची, म्हणून ती खुडबुडी. ‘‘हळू… आई झोपलीय,’’ दादा दटावायचा. त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान असलेल्या मुलीला तो दुसरं काही बोलल्याचं आठवत नाही.

मग काय होणार होतं दुसरं? ठणाणाच होणार.

दुपारी मुनीनं गाडी आणली. बॅंडमध्ये तो कधी बोलायचा नाही म्हणून मुनी. तिच्याशी लग्न झाल्यावर तो थोडा बोलायला लागला, पण सवय म्हणून नाव राहिलं. दोघांनी ड्रम मागच्या सीटवर चढवले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, ‘‘दादाला वाटतं मी म्हातारी झाले. हळू घेऊ म्हणतो.’’

सिग्नल सुटला. पुढचा आला. मुनी म्हणाला, ‘‘तसं नाही ते. आई येतेय ना आज.’’

‘‘मग?’’

पण त्याचा आजचा कोटा संपला होता.

कार्यक्रम जुन्या पोहण्याच्या तलावात होता. डागडुजीसाठी पाणी काढलेलं, निळ्या फरशा उघड्या. उथळ भागात ड्रम मांडले, खोल भागात माणसं उभी राहणार. तिनं काठीनं एकदा फरशीवर टक केलं तर आवाज चार भिंतींना भेटून परत आला. इथं जलद वाजवलं तर सगळ्याचा काला होणार, हे तिला त्या एका टकमध्ये कळलं. आणि त्या वेगात तिचा हात किती टिकेल? पूर्वी तरी कुठे टिकला होता? एकदा गाण्याच्या मध्यावर दंडांतलं बळच संपलं, वेग धाडकन निम्म्यावर आला. बाकीच्यांना वाटलं मुद्दाम केलं, तेही तिच्यामागून निम्म्यावर आले, आणि समोरची माणसं वेडी झाली, एकमेकांच्या खांद्यावर चढली. तेव्हापासून प्रत्येक गाण्यात ती जागा आली. आम्ही तिला दमाची जागा म्हणायचो. कुण्या नियतकालिकात छापून आलं, की ही जागा म्हणजे समाजाच्या कोसळण्याचं सूचन आहे. समाजाचं मला माहीत नाही, कोसळले होते ती मी.

दादा तारा जुळवत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

‘‘तुला हळू का हवंय?’’

त्यानं वर पाहिलं नाही. ‘‘आईला शब्द कळतील. इतकी वर्षं तिला वाटतंय आपण कुणाला तरी शिव्या देतो.’’

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच कसं? तिच्यावर गाणं लिहिलं मी. पोरं चपला हातात घेऊन चालतात, ते. आणि तिनं ते ऐकून काय विचारलं होतं आठवतंय? ‘याला काही चावलं का रे?’’’ तो हसला, पण हसता हसता तार जास्त ताणली गेली. ‘‘मी स्वतःसुद्धा ते गाणं माझ्या वेगात कधी ऐकलं नाही, खुडबुडे. त्या शाळेतल्या पोरीनं थांबवलं ते थांबवलंच.’’

‘‘मग तसं सांगायचंस की! मला वाटलं, मी म्हातारी झाले म्हणतोयस.’’

‘‘ती तर झालीच आहेस.’’

‘‘अंगठा झोपलाय माझा,’’ तिच्या तोंडून निघून गेलं. ‘‘उजवा. झाले दोन-तीन महिने.’’

आता मात्र दादानं वर पाहिलं. दटावेल असं तिला वाटलं. तो म्हणाला, ‘‘वाजवता येईल?’’

‘‘बाकीची चार बोटं जागी आहेत.’’

‘‘मग तू मोज. तू मोजशील त्या वेगानं मी येतो.’’

हे नेहमीचंच होतं. गाणं सुरू करताना ड्रमवालीच चार आकडे मोजते आणि त्या चार आकड्यांतून बाकीच्यांना वेग कळतो. पण त्यानं ते असं हातात दिल्यासारखं आजवर कधी म्हटलं नव्हतं.

चारला खोल भाग भरला. पांढऱ्या केसांची माणसं, त्यांची मोठी झालेली मुलं, कुणी कुणी तर पूर्वीचाच शर्ट घालून आलेलं, बटणं न लागणारा. आईची खुर्ची तलावाच्या काठावर, ड्रमपासून दहा पावलांवर. मघाशी तिनं कानातलं यंत्र नीट बसवून घेतलं होतं, ‘‘मला सगळं ऐकायचंय’’ असं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. पहिली दोन गाणी धडाक्यात झाली, टेपच्या वेगानं. कवळी टिकली. हातही टिकला, थोडा रडत. मग बोंबल्या जुन्या गोष्टी सांगायला लागला आणि विमा विकणाऱ्या माणसासारखा सांगतच राहिला, माणसं खो खो हसत राहिली, आणि शेवटी त्यानं एकदाचं नाव घेतलं, ‘‘हळू बोला!’’ आरोळी उठली. आरोळी विरली. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

तिनं काठ्या वर उचलल्या आणि काठाकडे पाहिलं.

आई झोपली होती. मान कलती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर पालथे. दिवसाउजेडी, इतक्या माणसांत, दोन गाण्यांच्या दणदणाटातून नेमकी मधली गप्पांची उसंत गाठून.

तिची मनगटं हवेतच थबकली. आपोआप. कुणी न दटावता. दादानंही पाहिलं होतं, कारण त्याचा हात तारांवर चपटा पडला होता, त्या आवाज करू नयेत म्हणून. आणि पन्नाशी उलटलेली दोन माणसं भर कार्यक्रमात, तीनशे लोकांसमोर, ओठ हलवून एकमेकांशी बोलली. ‘झोपलीय,’ तो म्हणाला. ‘दिसतंय,’ ती म्हणाली.

आणि मग काय झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं… सकाळपासून ती हाताचा हिशेब करत होती, टिकेल की नाही, लोकांना काय वाटेल, दादाचं गाणं की टेपचं. आणि आता ते सगळं कुठेतरी गळून गेलं होतं, आणि एक निराळीच, लहान मुलीची, अतिशय आगाऊ इच्छा छातीत वर येत होती. आईला उठवायचं. आयुष्यात एकदाही उठवलं नव्हतं. ताप आला तेव्हा नाही, पडले तेव्हा नाही, नापास झाले तेव्हा तर नाहीच. रागावली तरी चालेल. रागावून उठली तर बरंच होईल. उठून विचारू दे, काय चाललंय हे, आणि मग सांगू, सगळं, सावकाश किंवा भराभर, जसं जमेल तसं.

तिला हसू आलं. दादालाही येत होतं, तो ते गिटारवर वाकून लपवत होता.

‘‘एक!’’ ती ओरडली, घरात कधीच ओरडली नव्हती तशी, आणि दुसरा आकडा केव्हा म्हणायचा हे अजून तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.