सव्वासहाचा भात

जयूच्या लग्नाला आठ महिने झाले होते, आणि तेवढ्यात सासरी तिच्याबद्दल एकमत होऊन गेलं होतं. सून हुशार, कामाला वाघ, पण डोकं फार गरम. तेही फक्त सकाळी. दुपारी चार वाजता हीच मुलगी सासूच्या केसांना तेल लावत खिदळत बसायची. सकाळची जयू वेगळी आणि दुपारची वेगळी का, असा प्रश्न त्या घरात कोणाला पडला नाही. पडायचं कारणच नव्हतं, कारण घरात तिची पत्रिका होती आणि पत्रिकेत मंगळ होता.

घर उज्जैनला, फ्रीगंजात. सासरे भय्यासाहेब तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. पाच पिढ्यांपूर्वी घराण्यातलं कोणी दरबारी कारकून होतं, आणि त्या कारकुनापासून घरात एक नियम चालत आला होता: देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी तोंडात अन्न घालायचं नाही. भय्यासाहेबांची आंघोळ सातला, पूजा साडेसातला, नैवेद्य नऊला. चहा मात्र चालायचा. चहा पाण्यात मोडतो असा निकाल कधीतरी कोणीतरी लावून ठेवला होता, आणि भय्यासाहेब नैवेद्याआधी असलं पाणी दोन कप घेत. मुलगा विक्रांत विमा कंपनीत होता. तो साडेनवाला वरण-भात-पोळी जेवून, ढेकर देऊन स्कूटरला किक मारायचा. साडेनवाला बाहेर पडणाऱ्यांनी साडेनवाला बाहेर पडणाऱ्यांसाठी केलेला हा नियम होता. जयू पावणेसातला बाहेर पडायची.

पंच्याण्णव साल होतं. शहरात इंग्रजी शाळा भराभर निघत होत्या आणि टाय बांधलेली पोरं सायकल-रिक्षांत कोंबून सकाळीच रवाना होत होती. त्यातल्याच एका शाळेत जयू जुलैपासून सातवीला गणित शिकवायची. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पहिला तास साडेसातला, पुढचे तीन पाठोपाठ, आणि मधली सुट्टी दहा वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे रात्री साडेआठला जेवलेली बाई दुसऱ्या दिवशी दहापर्यंत अर्ध्या कप चहावर अपूर्णांक शिकवत होती.

देवासला तिच्या माहेरी असलं काही नव्हतं. रेल्वेतल्या माणसाचं घर ते. वडील पहाटे चारला निघोत की सातला, आई फोडणीचा भात पोटात गेल्याशिवाय कोणाला उंबरा ओलांडू द्यायची नाही. त्यामुळे जयूला चोवीस वर्षं आपण उपाशी राहिलो तर कशा होतो हे कळलंच नव्हतं. भूक माणसाला कधी आपलं नाव सांगून येत नाही. पहिले काही दिवस ती पोटात कुरकुरते, मग तीही सवय सुटते आणि ती डोक्यात जाऊन बसते. मग खडू मोडला तरी रडू येतं, आणि समोरचा प्रत्येक जण मुद्दाम छळतोय असं वाटायला लागतं.

नोव्हेंबरात तिनं फळ्यावर सात अठ्ठे चोपन्न लिहिलं. "मॅडम, छप्पन," असं एका मुलीनं नुसतं म्हटलं, तर जयूनं डस्टर टेबलावर असं आपटलं की पहिल्या बाकावरच्यांच्या वह्या पांढऱ्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्यात एका पालकाची चिठ्ठी. मुख्याध्यापिका मिसेस सक्सेनांनी तिला बोलावून घेतलं.

"देखिए, आप पढ़ाती अच्छा हैं, पर दोपहर में," त्या म्हणाल्या. "मेरे यहाँ गणित सुबह होता है। अगले बुधवार पहले पीरियड में मैं पीछे बैठूँगी। उसके बाद तय करेंगे, रखना है कि नहीं।"

ही नोकरी जयूनं हट्टानं मिळवलेली होती, आणि ती गेली तर पुढे काय, ते तिला स्वच्छ दिसत होतं: नऊच्या नैवेद्याची तयारी करायची, आणि आयुष्यभर करायची.

दुसऱ्या दिवशी उज्जैनच्या बसस्टँडपाशी, देवास गेटला टेम्पो बदलताना तिच्या नाकात पोह्यांच्या वाफेचा वास शिरला आणि पाय आपोआप तिकडे वळले. वर शेव, कांदा, लिंबू. उभ्या उभ्या तिनं प्लेट संपवली. त्या दिवशी वर्गात तिनं अपूर्णांकांचा भागाकार असा शिकवला की घंटा झाल्यावरही पोरं उठेनात. एकदाही आवाज चढला नाही. मस्टरवर सही करताना तिच्या लक्षात आलं की तास कधी संपला ते आपल्याला कळलंच नाही, आणि मग लख्ख प्रकाश पडला. ती स्वतःशीच हसली आणि लगेच तिला संतापही आला, की एवढ्याशा गोष्टीपायी आपण पाच महिने स्वतःला वाईट बाई समजत होतो.

पण उज्जैन शहर ते केवढं. दुपारी ती घरी पोचायच्या आत पोहे घरी पोचले होते. भय्यासाहेबांचे कचेरीतले एक जुने सोबती तिथंच बसची वाट बघत उभे होते म्हणे.

"रस्त्यावर उभं राहून?" सासूबाई वासंतीबाई म्हणाल्या. "आणि देवाआधी? अगं, आम्हीही आलोच ना या घरात. एकोणीस वर्षांची होते मी. मेले का उपाशी?"

विक्रांत मनानं चांगला होता, फक्त त्याचा चांगुलपणा नेहमी आडवाटेनं जायचा. त्यानं टीव्हीवर जाहिरात बघून मक्याच्या पोह्यांचा एक महागडा खोका आणला. "हे हलकं असतं, दुधात टाकायचं बस्स. अन्नात गिनती नाही होणार याची." भय्यासाहेबांनी चष्मा लावून खोका पुढून-मागून वाचला आणि निर्णय दिला की हेसुद्धा नैवेद्यानंतरच. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता देवांना चांदीच्या वाटीत ते कुरकुरीत पोहे दुधासकट मिळाले. जयू तेव्हा उपाशीपोटी लसावि काढत होती.

तिनं रात्री विषय काढला. तास कधी असतो, किती वाजता काय होतं, बुधवारी काय ठरणार आहे, सगळं नीट सांगितलं. भय्यासाहेबांनी शांतपणे ऐकलं. ते दुष्ट नव्हते, आणि खरी पंचाईत तीच होती.

"बेटा, यात तुझा दोष नाही," ते म्हणाले. "मंगळ आहे, तो डोकं तापवतो. मी गुरुजींशी बोललो आहे. मंगळवारी मंगलनाथाच्या देवळात भातपूजा करून टाकू, माझ्याकडून. बुधवारी बघ, एकदम ठंडी होशील. फक्त पूजा होईपर्यंत काही खायचं नाही."

मंगळवारी तिनं रजा टाकली. ती आणि भय्यासाहेब सातला निघाले, आठला रांग, नंबर लागला तेव्हा साडेनऊ झाले होते. जयूच्या कानशिलात ठोके पडत होते. तिच्यासमोर परातभर शिजवलेला भात होता, शुभ्र, मोकळा. गुरुजींनी त्यात दही कालवलं आणि ओंजळीनं तो पिंडीवर थापायला घेतला. भाताचा तो कोमट, आंबूस वास आला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

"गुरुजी," तिनं विचारलं, "ये भात क्यों चढ़ाते हैं?"

"मंगल उग्र है ना बेटी। दही-भात से शांत हो जाता है।"

"मतलब जिसे ग़ुस्सा आता है, उसे भात देते हैं।"

"और क्या।"

जयू भय्यासाहेबांकडे वळली. "ऐकलंत? राग मंगळाला आला तर त्याला भात. मला आला तर मला उपास. हे कुठलं शास्त्र?"

"जयू, इथं नको."

"इथंच. पाच महिने मला रोज सकाळी राग येतो, आणि पाच महिने मी रोज सकाळी उपाशी असते. पत्रिका चार जणांना दाखवलीत तुम्ही. एकानं तरी विचारलं का, की पोरी, तू काय खाऊन निघतेस?"

मागच्या रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली. गुरुजी हातात भात घेऊन थांबले होते. भय्यासाहेबांचे कान लाल झाले, आणि परतीच्या टेम्पोत दोघं दोन दिशांना बघत बसले.

बुधवारी सकाळी सव्वासहाला जयूनं गॅस पेटवला. रात्रीचा भात मोकळा केला, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, मूठभर शेंगदाणे, वरून दही. ताट घेऊन ती स्वयंपाकघरात नाही, बाहेर जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. चोरून खायचं असतं तर देवास गेट काय वाईट होतं? भय्यासाहेब चहासाठी आले आणि जागीच उभे राहिले.

"देवाआधी?"

"हो. देवाआधी."

"या घरात आजवर असं कोणी केलं नाही."

"या घरातून आजवर पावणेसातला कोणी निघालं नाही," जयू म्हणाली आणि पुढचा घास घेतला.

"ठीक आहे. तू माफी मागेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही."

सासऱ्याला उपाशी ठेवून निघणारी सून, हे नाव तिला चिकटणार होतं आणि मोहल्लाभर फिरणार होतं, हे तिला कळत होतं. तरी तिनं शेवटचं शीतही सोडलं नाही. ताट धुतलं, पर्स उचलली आणि निघाली.

मिसेस सक्सेना मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. जयूला सकाळचा तो प्रसंग आठवत होता, पण डोकं जागेवर होतं. निहारिका नावाच्या मुलीला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कळेना. तिनं तीनदा तेच विचारलं. जयूनं दोनदा फळ्यावर सांगितलं आणि तिसऱ्यांदा कागदाचा त्रिकोण कापून, त्याचे तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी लावून दाखवले. निहारिका म्हणाली, "अरे हाँ!" आणि पूर्ण वर्ग हसला. मिसेस सक्सेना जाताना एवढंच म्हणाल्या, "सोमवार को लेटर ले जाइए।"

दोन वाजता ती घरी आली तेव्हा विक्रांत ऑफिसात होता आणि घरात वादळ होऊन गेलं होतं. भय्यासाहेबांच्या पोटात काल रात्रीपासून अन्न नव्हतं. त्यांनी दूधवाल्याला हाकलून दिलं होतं. पूजेत दोनदा अथर्वशीर्ष अध्येमध्ये विसरले आणि पहिल्यापासून सुरू केलं, त्यामुळे नैवेद्यच पावणेदहाला झाला आणि विक्रांतला लेट मार्क मिळाला. आता ते खुर्चीत ताठ बसले होते.

"बैस. तीन गोष्टी सांगायच्या आहेत," ते गरजले. "पहिली, घराचा मान. दुसरी..." ते थांबले. कपाळावर हात फिरवला. "दुसरी..."

जयू समोर बसली. तिला हसू आलं नाही. उपाशीपोटी माणूस कुठं अडकतो ते तिला अचूक माहीत होतं.

"आधी जेवा भय्यासाहेब. मग काय रागवायचं ते रागवा. मी इथंच बसते."

"माफी?"

"माफी नाही मागणार. उद्याही सव्वासहाला खाणार आहे. नोकरी कायम झाली माझी."

तेवढ्यात वासंतीबाई स्वयंपाकघरातून वाढलेलं ताट घेऊन आल्या आणि त्यांनी ते नवऱ्यापुढे ठेवलं. वरण-भातावरच्या तुपाचा वास दरवळला. भय्यासाहेबांनी ताटाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि त्यांचा हात भाताकडे गेला. दोन-तीन घास झाले तशी त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल पडली. वासंतीबाई मात्र आत गेल्या नाहीत. पदराला हात पुसत तिथंच उभ्या राहिल्या.

"जयू," त्या म्हणाल्या, "उद्या भात थोडा जास्त लाव. मलाही हाक मार."

भय्यासाहेबांचा घास हातातच राहिला. "तुला कुठं जायचं आहे सकाळी सव्वासहाला?"

"कुठं नाही," वासंतीबाई म्हणाल्या. "मला भूक लागते."