वहीत नसलेला रकाना

मित्रांनो, मी बाप्तिस्म्याची एक जुनी वही आहे. वसईतल्या एका गावच्या चर्चमध्ये, फादरांच्या खोलीतल्या लाकडी कपाटात माझा मुक्काम असतो. गावाचं नाव सांगत नाही; झाली तेवढी शोभा पुरे झाली. माझं वय शंभरीला टेकलं आहे. या वयात आपल्या कामाचा अभिमान वाटावा, चार लोकांत थोडं मिरवावं. मला मात्र कपाटाचं दार वाजलं की लाज वाटते.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यात झाला. अंगावर तपकिरी कातडं आणि आत इंग्रजीत छापलेले रकाने: मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख. विलायतेतल्या चर्चच्या वह्या बघून ते रकाने आखले होते. त्यामुळे मी स्वतःला फार शहाणी समजत असे. १८८८ साली वसई रोड स्टेशनावरून बैलगाडीने मी या गावात आले, तेव्हा इथल्या फादरांनी मला दोन्ही हातांनी उचललं होतं.

गाव बागायती होतं. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपली की केळीच्या आणि पानवेलीच्या बागांतले शेतकरी तान्ही मुलं घेऊन येत. फादर गोव्याचे, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. ते विचारत, बापाचं नाव काय, आईचं नाव काय, आणि इंग्रजीत लिहीत. शेतकरी माझ्याकडे भीतभीतच बघत. आपलं बाळ साहेबाच्या भाषेत लिहिलं गेलं, एवढ्यानेच ते खूश होऊन घरी जात.

पण या गावाची एक रीत होती. आडनावं मोजून चार-पाच. अर्धा गाव लोपीस. त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं, म्हणजे तीच नावं फिरून फिरून येणार. म्हणून लोक माणसाला घराच्या नावाने ओळखत. दारात चिंच होती ते चिंचवाले. बावखल म्हणजे बागेला पाणी देणारं तळं. त्याच्या काठी राहणारे ते बावखलवाले. लहान पोरालासुद्धा ही घरं पाठ असत. माझ्यात मात्र घराचा रकानाच नव्हता. विलायतेत त्याची गरज पडत नसावी. फादरांनी कधी विचारलं नाही, आणि छापील वहीत नाही त्या अर्थी ते सांगायचं नसतं, असं समजून शेतकऱ्यांनीही कधी सांगितलं नाही.

वर्षं गेली. माझ्यानंतर नव्या वह्या आल्या आणि मी कपाटाच्या खालच्या फळीवर गेले. कसरीने माझे कोपरे खाल्ले. तीस-चाळीस वर्षं मला कोणी विचारलं नाही.

मग १९७८ साल उजाडलं. गावातल्या फ्लॉसीचं लग्न उमेळे गावच्या फेबियनशी ठरलं होतं. फ्लॉसी चिंचवाल्यांची नात, नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली. फेबियनचे वडील ज्युलियस मुंबईला मोठ्या ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांचे वडील फ्रान्सू मूळचे याच गावचे, पण घरजावई होऊन उमेळ्याला गेले आणि लवकर वारले. ज्युलियसना कोण हौस! आपल्या शेतकरी घराण्याची वंशावळ काढायची, चौकटीत बसवायची आणि लग्नाच्या मांडवात लावायची. चार रविवार ते माझ्यासमोर बसले. किती हळुवारपणे पानं उलटत होते! मला इतक्या वर्षांनी कोणी हात लावला म्हणून मी फुलून गेले होते, हे कबूल करते.

चौथ्या रविवारी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. फ्रान्सू, १८९१. बाप पेद्रू लोपीस, आई मारिया. होणाऱ्या सुनेच्या आजोबांचं सालही त्यांना ठाऊक होतं; मधली पानं सोडून त्यांनी थेट तेच पान उघडलं. सॅन्टन, फेब्रुवारी १८८९. बाप पेद्रू लोपीस, आई मारिया. सॅन्टन म्हणजे फ्लॉसीचे आजोबा. ज्युलियसचा चेहरा उतरला. ज्यांचं लग्न ठरलं होतं ती दोघं माझ्या हिशेबाने सख्ख्या भावांची नातवंडं निघाली होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरची माणसं तेव्हाच्या फादरांच्या खोलीत जमली. फ्लॉसीची आजी इनास, सॅन्टनची विधवा, काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढची, लाल लुगड्यातली, आयुष्यभर बागेत राबलेली. तिला वाचता येत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ती चक्क हसली.

"अरे, पेद्रू दोन व्हते! माझा सासरा पेद्रू चिंचवाल्यांचा, उंच, ताडासारखा. तुमचा पेद्रू बावखलवाल्यांचा, तो ठेंगना. मी दोघांना जेवाय वाढलंय. आपली घरं येगळी हायत, बाबा."

"आजी, मग वहीत एकच कसा?" ज्युलियस म्हणाले.

"ते वहीला विचार. मना काय म्हाईत?"

मित्रांनो, तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी गप्प बसले. वहीला तोंड नसतं, हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशीचं ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

फादर म्हणाले, नातं दूरचं आहे, बिशपसाहेबांची परवानगी मागता येईल. ज्युलियस ऐकेनात. "एका रक्तात मुलगा देणार नाही मी. आणि लिहिलेलं खोटं कसं असेल? तुमच्या नातीचं लग्न मोडू नये म्हणून तुम्ही चर्चमध्ये बसून खोटं बोलता, आजी. या वयात!"

आजीने हात माझ्यावर ठेवला. बागेतल्या मातीने भेगाळलेला हात. "मी खोटी नाय," ती एवढंच म्हणाली. मग तिने आपल्या मुलाकडे, फ्लॉसीच्या वडिलांकडे पाहिलं. मुलगा खाली बघत होता. नात तेवढी पुढे झाली आणि आजीला धरून घरी घेऊन गेली.

लग्न मोडलं. फेबियनने वर्षभर वाट पाहिली, मग वडिलांनी दाखवलेल्या मुलीशी संसार थाटला. आजी मिस्सेला पहिल्या बाकावर बसत असे, ती शेवटच्या बाकावर बसू लागली. नातीसाठी खोटं बोललेली म्हातारी, असं लोक तिच्या पाठीमागे म्हणत, आणि पुरावा म्हणून माझं नाव घेत. १९८० साली ती वारली.

१९८५ साली नवे फादर वॉल्टर आले. माझी दशा पाहून ते हळहळले. माझी नक्कल उतरवायचं त्यांनी ठरवलं आणि चांगल्या अक्षराची शिक्षिका म्हणून फ्लॉसीला बोलावलं. ती आली, तेव्हा मला कपाटात मागे मागे सरकावंसं वाटलं. ती मात्र पदर खोचून कामाला लागली. ओळीमागून ओळ, एकही न गाळता. ज्युलियसनी हवी होती तेवढीच पानं पाहिली होती.

सॅन्टनची ओळ उतरवताना तिचा हात जरा थांबला, पण ती पुढे गेली. चार पानं उलटली आणि ती खुर्चीतून उठलीच.

"फादर, इकडे या. हे वाचा." जुजे, जुलै १८८९. बाप पेद्रू लोपीस, आई मारिया. "फेब्रुवारीत सॅन्टन, जुलैत जुजे. दोघं जन्मून आठ-आठ दिवसांचे. एका आईला पाच महिन्यांत दोन मुलं कशी होतील?"

फादरांनी चष्मा पुसून दोन्ही ओळी पुन्हा पाहिल्या. "म्हणजे जोडपी दोन होती," ते हळूच म्हणाले. "तुझी आजी तेच तर सांगत होती."

खरं माझ्याच पोटात होतं, मित्रांनो. सात वर्षं आणि चार पानांच्या अंतरावर. त्या दिवशी आजीचा हात माझ्यावर होता, तेव्हाही ते तिच्या तळव्याखालीच होतं.

फ्लॉसी रडली नाही. ती म्हणाली, "फादर, समासात नोंद करा. मराठीत करा. दोन पेद्रूंची घरं वेगळी, हे इनास सॅन्टन लोपीस यांनी सांगितलं होतं, असं लिहा. माझं नाव नको." फादरांनी लिहिलं, सही केली. तेवढी एक ओळ माझ्यात इंग्रजी नाही.

पुढच्या रविवारी निरोप मिळाल्यामुळे ज्युलियस आले. केस पांढरे झाले होते. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "आजी कुठे असतात आता?" फ्लॉसीने खिडकीतून दिसणाऱ्या दफनभूमीकडे बोट केलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग माझ्याकडे पाहिलंही नाही, तसेच बाहेर पडले.

मला कसरीपासून वाचवा, नवं कातडं चढवा, अशी विनवणी मी करणार नाही. माझ्यासारख्या वह्या टिकतात, जरुरीपेक्षा जास्तच टिकतात. तुमच्या घरात एखादी आजी जुन्या घरांची नावं सांगत बसली असेल, तर तिच्याजवळ बसा आणि ती जिवंत आहे तोवर लिहून घ्या. तिचं आणि माझं जुळलं नाही, तर आधी माझी सगळी पानं वाचा, मित्रांनो. तिला खोटी म्हणण्याआधी.