वाऱ्याचं पाणी

खिडकीच्या फुटक्या काचेत खोचलेला पुठ्ठा फडफडला आणि शाहीनला जाग आली. खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता. शेजारी तिची लहानगी लेक आलिया गोधडीत मुटकुळं करून झोपली होती. पुठ्ठा थांबला, मग पुन्हा फडफडला, आधीपेक्षा जोरात. शाहीन अंधारात डोळे उघडे ठेवून ऐकत राहिली. या पुठ्ठ्यावरून तिला रस्त्यावरचा वारा कळायचा. नुसता थरथरला तर सायकल सुखाने जाते. असा फडफडला तर महाळुंग्याच्या चढावर उतरून हातात धरून न्यावी लागते. आणि आजच सोमवार होता.

मागच्या सोमवारी कंपनीत डोळे तपासणारे लोक आले होते. शाहीन तपासणीच्या टेबलावर काम करायची. गाडीच्या इंजिनात बसणारी रबराची काळी कडी, सील म्हणतात त्यांना, एकेक उचलून दिव्याखाली धरायची आणि काठावर केसाएवढी चीर दिसली तरी लाल खोक्यात टाकायची. असं बारीक बघणाऱ्यांचे डोळे कंपनी मधूनमधून तपासून घेते. नेमकं त्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना बोलावलेलं. शाहीन सायकल लावून तशीच जाऊन बसली. भिंतीवरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. डोळे पुसले की क्षणभर जागेवर यायची, की परत चालली वाहून. तपासणाऱ्याने हळू आवाजात विचारलं, रडून आलात का ताई? ती म्हणाली, वारा होता. त्याने पुढच्या बाईला हाक मारली.

तिच्या लाइनच्या सुपरवायझर उत्कर्षा मॅडमनी तिच्यासाठी शब्द टाकला, म्हणून आठवड्याने परत एक संधी मिळाली होती. यातही जमलं नाही तर तपासणीवरून काढून रबर दाबायच्या प्रेस मशीनवर टाकणार. आणि प्रेसला रात्रपाळी असते.

दिवसा आलियाला खालची घरमालकीण, अंबुबाई, सांभाळायची. रात्रीचं मात्र अंबुबाईच्या लेकाने, रणजीतने, आधीच सांगून ठेवलेलं, की दिवसा पोरगी अंगणात खेळते त्याला काही नाही, पण रात्रीची जोखीम आम्हाला नको. त्याचंही काही चुकत नव्हतं. लातूरहून सासूचा निरोप तर येऊनच पडला होता. पोरीला इकडे पाठव, तू कर तुझी नोकरी. म्हणजे आज अक्षरं हलली की आलिया लातूरला गेली. इतकं ते सरळ होतं.

कंपनीची बस होती, पण ती चाकणच्या चौकातून भल्या पहाटे सुटायची. आलियाला उठवून, चार घास भरवून अंबुबाईच्या ओसरीवर सोपवायचं तर बस सापडत नसे. म्हणून सायकल. सायकल तिच्या नवऱ्याची, इम्तियाजची, सीट खाली करून घेतलेली.

तिचे डोळे पहिल्यापासूनच असे होते. वारा लागला की आधी डावा भरायचा, मग उजवा. सायकलवर पाणी गालावर उतरतच नाही. वारा ते मागे ढकलतो. कोपऱ्यातून निघून ते कानाकडे जातं, ओढणीत मुरतं आणि वाळल्यावर कानशिलावर मिठाची रेघ ठेवून जातं. एका हाताने पुसावं तर हँडल डगमगतं, आणि शेजारून कंटेनर गेला की त्याच्यामागून येणारा झोत असा काही बसतो, की डोळे मिटूनच घ्यावे लागतात. तिने काय काय करून पाहिलं होतं. मान खाली घालून चालवली, डोळे बारीक करून चालवली. बाजारातून काळा गॉगल आणला, तर पहाटेच्या त्या उजेडात खड्डाच दिसेना.

इम्तियाज गेल्यावर इद्दत, म्हणजे विधवेने घरात काढायचे चार महिने दहा दिवस, पुरी करून ती पहिल्यांदा या रस्त्याला दिसली, ती अशीच, वाहत्या डोळ्यांनी. रस्त्याने आपलं काय ते ठरवून टाकलं. ती येताना दिसली की टपरीवरचं हसणं थांबायचं. बसची वाट बघणाऱ्या बायका हळहळायच्या. खराबवाडीपासून महाळुंग्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं, की वेल्डर इम्तियाजची बायको रोज नवऱ्यासाठी रडत कामाला जाते.

कुणी विचारलंच तर शाहीन वारा आहे एवढंच म्हणायची, त्यापुढे तिने ते कधी खोडून काढलं नाही, कारण खरं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. ती इम्तियाजसाठी रडलीच नव्हती. कावीळ झाली, पिवळे डोळे ध्यानात येईतो उशीर झाला. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, रिक्षा, सह्या, रक्ताच्या बाटल्या, लातूरला फोन, यात रडायला उसंत मिळाली नाही. मग खोली बायकांनी भरली आणि सगळ्याजणी तिच्या डोळ्यांकडे बघत बसल्या. कुणी असं बघत असलं की येणारं रडूही येत नाही. भिंतीला टेकलेली सासू म्हणाली, "पत्थर है ये." पुढे इद्दतीत, एकटी असताना, शाहीनने वाट पाहिली. आज येईल, उद्या येईल. आलं नाही. मग सायकल सुरू झाली, आणि लोकांनी तिच्या वाऱ्याच्या पाण्याला नवऱ्याचं रडणं म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या नावाने आलेली वस्तू सही करून ठेवून घ्यावी, तसं तिला रोज वाटायचं.

तिच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आलिया. सुट्टीच्या दिवशी तिला पुढच्या दांडीवर बसवून शाहीन बाजाराला जायची. पोर मान वळवून बघायची. "रडतेस, अम्मी?" शाहीनने सांगितलं होतं, "नाही गं. वाऱ्याचं पाणी आहे ते." आलियाने ते एकदाच ऐकलं आणि पक्कं केलं. दिवसभर अंबुबाईपाशी राहून तिच्या जिभेवर अंबुबाईचीच बोली बसली होती. अंबुबाई कधी म्हणाली, "नगं रडू गं पोरी, डोळं जात्याल," की आलियाच मध्ये पडायची. "न्हाई आजी, रडत न्हाई ती. वाऱ्याचं पाणी हाय."

शनिवारी कामावरून येताना शाहीन ज्योतीरामच्या दुकानापाशी उतरली. रस्त्यालाच त्याचं ग्रिल आणि गेट करायचं दुकान. इम्तियाज त्याच्याकडेच वेल्डर होता. तिने विचारलं, ग्राइंडिंग करताना घालतात तसला पांढऱ्या काचेचा चष्मा मिळेल का, चारी बाजूंनी बंद असतो तो. ज्योतीराम आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या हातात होतं.

"त्याचाच आहे, वहिनी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "त्यानं टांगला होता त्याच खिळ्याला होता. कुणाला हात लावू दिला नाही मी. कधीच आणून द्यायला पाहिजे होता. पण तुम्ही रोज इथनं रडत जाताय, कुठल्या तोंडानं पुढं यायचं?"

"वारा असतो, भाऊ."

ज्योतीरामने मान हलवली. समोरचा खोटं बोलतोय हे कळूनही त्याचा मान राखायचा असला, की हलवतात तशी.

चष्म्याच्या काचेवर ठिणग्यांचे बारीक ठिपके होते. मागची पट्टी ताणून सैल झाली म्हणून इम्तियाजने तिला गाठ मारली होती. त्याची गाठ शाहीनने कुठेही ओळखली असती. सुतळी असो, दोरी असो, एकावर एक दोन गाठी आणि उरलेलं टोक आत दुमडलेलं. तिच्या डोक्याला पट्टी तरीही मोठीच होत होती. गाठ सोडून पुन्हा मारणं हे क्षणाचं काम होतं. ते न करता तिने डोक्याला ओढणीचे दोन वेढे जास्त घेतले, मग चष्मा बसला.

सोमवारी तो घालून ती निघाली तेव्हा आलिया ओसरीवर चहात पोळी बुडवून खात होती. "अम्मी, तू वेल्डिंगला चालली?" अंबुबाई हसली. शाहीनही हसली आणि सायकलवर बसली.

वारा समोरूनच होता. कपाळावर आपटत होता, कानात शिरत होता, डोळ्यांपर्यंत मात्र पोचत नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला तो रस्ता धडपणे दिसला. कांद्याच्या गाडीतून सांडून चाकाखाली चिरडलेले कांदे. नाल्याच्या कडेला अडकलेल्या, वाऱ्याने फुगलेल्या पिशव्या. आणि माणसांचे चेहरे. आजवर ते ओले, पसरलेले असायचे. आज रेखीव होते आणि तिच्याकडे बघत होते. टपरीवरचं बोलणं तिच्यासाठी थांबलं आणि मग, ती जवळ यायच्या आतच, परत सुरू झालं. बसथांब्यावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "आटलं वाटतं पाणी." दुसरी म्हणाली, "वर्ष तरी होऊ द्यायचं." हळू बोलावं इतकंही त्यांना वाटलं नव्हतं. अंगावरची चादर कुणीतरी ओढून घ्यावी तसं शाहीनला झालं. थांबून सांगावं असं वाटलं. पण काय सांगणार होती? ती चढावर उतरली आणि सायकल ढकलत निघाली.

तपासणीला ती सगळ्यात वरच्या ओळीपासून खालपर्यंत वाचत गेली. शेवटची अक्षरं मुंगीएवढी होती, तीही जागची हलली नाहीत. एक डोळा झाकून वाचली, मग दुसरा झाकून. तपासणारा म्हणाला, झालं. बाहेर उत्कर्षा मॅडम उभ्या होत्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं गं. सावरायलाच पाहिजे ना कधीतरी. लेकरू आहे पदरात." शाहीन म्हणाली, हो मॅडम. आणि टेबलावर जाऊन दिवा लावून बसली. दिवसभर काळी कडी हातात फिरत राहिली.

संध्याकाळी वारा पाठीमागून होता. अंबुबाई ओसरीवर लसूण सोलत वाटच बघत होती.

"न्हाई ना जात पोर लातूरला?"

"नाही जात."

अंबुबाईने लसूण खाली ठेवला, आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि शाहीनच्या हातावर ठेवला. म्हणाली, मला काय गं, मला सवय झालीय तिच्या बडबडीची, म्हणून विचारलं. आणि पदराने नाक पुसून पुन्हा लसणाला लागली.

वर खोलीत आल्यावर शाहीनने बटाटे चिरायला घेतले. पाठीमागे आलिया चष्म्याशी खेळत होती. डोळ्यांवर लावायची, तो घसरून गळ्यात यायचा. "घट्ट कर ना, अम्मी." शाहीन म्हणाली, असू दे तसाच, अब्बूंचा आहे. पोर चष्मा मांडीवर घेऊन बसली.

बटाट्याची चकती विळीवरून खाली पडली. वेल्डिंगचा उजेड लागून इम्तियाजचे डोळे सुजायचे, तेव्हा अशाच चकत्या ती त्याच्या डोळ्यांवर ठेवायची. चकतीखालून पाणी वाहत राहायचं आणि तो आडवा पडल्या पडल्या म्हणायचा, "बघ, नवरा रडतोय आणि बायको बटाटे चिरतेय." ती म्हणायची, रडा, रडा, भाजीला मीठ कमी लागेल.

"सुटली," आलिया म्हणाली.

शाहीनने वळून पाहिलं. पोरीने नखाने, दाताने, कशी कोण जाणे, पट्टीची गाठ सोडवली होती. पट्टी तिच्या हातात सरळ लोंबत होती. घामाने, धुराने ती काळपट झाली होती. गाठीच्या आत होतं तेवढंच रबर अजून कोरं होतं, निळं, दुकानातून आणल्यासारखं.

"आता तू बांध. माझ्या मापाची."

शाहीनने हात पुसले आणि पट्टी घेतली. एकावर एक दोन गाठी मारल्या, टोक आत दुमडलं. ते सुटून बाहेर आलं. तिने परत मारल्या. किती वेळा तिने त्याला हे करताना पाहिलं होतं, आणि टोक कुठून आत घालतात तेवढंच कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा मारायला घेतली तेव्हा निळा भाग कुठे आहे तेच तिला दिसेना. पाणी या वेळी कानाकडे गेलं नाही. सरळ गालावरून उतरलं, हनुवटीला थांबलं आणि हातातल्या पट्टीवर पडलं. मग पडतच राहिलं.

आलिया तिच्याकडे बघत होती. मग ती उठली. खिडकीची एक फळी उघडी होती, ती तिने ओढून घेतली. फुटक्या काचेतला पुठ्ठा दोन्ही तळहातांनी आत दाबला. दाराकडे गेली, दार लोटलं, टाचा उंचावून कडी घातली, आणि नीट बसली का ते हलवून पाहिलं. मग आईच्या समोर येऊन मांडी घालून बसली.

"खिडकी लावली, दार बी लावलं," ती म्हणाली. "मग ह्यो वारा कुठनं येतुया, अम्मी?"