फोन नसलेला किनारा

"मला हे पटलेलं नाही, एवढंच सांगून ठेवतो," हरीश मागून पुटपुटला. "माणसाला इतक्या लांब आणायचं आणि वर हसत बसायचं. मला नाही जमायचं ते."

"मग नका हसू. पण गप्प बसा," प्रभा मान न वळवता म्हणाली. "अगदी शेजारी आहे ती."

ती म्हणजे लता. प्रभाच्या खांद्याला खांदा लावून ती डोळे मिटून बसली होती, आणि तिला मुळीच झोप लागलेली नव्हती. यूसुफच्या लांबलचक शेव्हरोलेत पुढे यूसुफ आणि लताचा नवरा शरद, मधे यूसुफची बायको बानू, प्रभा आणि लता, आणि पार मागे सामानाच्या जागेत बर्फाच्या पेटीला टेकून प्रभाचा नवरा हरीश, अशी ही वरात शुक्रवारी सकाळी कुवेतमधलं अहमदी मागे टाकून दक्षिणेला निघाली होती. लताची आणि प्रभाची मुलं फरवानियात, घराच्या शेजाऱ्यांकडे ठेवली होती. "परीक्षा जवळ आल्यात त्यांच्या," शरद म्हणाला होता. मुलांच्या परीक्षा कधी असतात हे शरदला ठाऊक असावं, इथूनच लताच्या संशयाला सुरुवात झाली होती.

आता हरीशचं बोलणं ऐकून तिने मनाशी म्हटलं, अस्सं! म्हणजे सगळ्यांना सांगून झालंय. राहिले मीच.

काय सांगून झालंय, हेही तिने ओळखलं होतं. येत्या महिन्याच्या सुरुवातीला ती कराडला आईकडे जाणार होती. हिवाळ्यात आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, तेव्हापासून अंथरुणाला खिळली होती. लताचं जाणं दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. एकदा हॉस्पिटलच्या लॅबमधला दुसरा माणूस रजेवर गेला म्हणून शरदला सुट्टी मिळेना, आणि बायकोला एकटीला पाठवायचं तर मुलांचं कोण बघणार. दुसऱ्यांदा, "जरा विमानाची भाडी उतरू देत ना." या खेपेला मात्र तिकीट हातात होतं, बॅग भरून पलंगाखाली गेली होती. आणि नेमकं आताच हे गृहस्थ तिला समुद्रावर न्यायला निघाले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण शरदने तिला कधी सालमियाच्या किनाऱ्यावरसुद्धा आपणहून नेलं नव्हतं. 'वाळू बुटात जाते' हे त्याचं समुद्राबद्दलचं एकमेव मत.

तर जाणं तिसऱ्यांदा मोडणार. आणि बायकोने अकांडतांडव करू नये म्हणून चार माणसांच्या देखत, मासे खाऊ घालून, गोडीगुलाबीने सांगणार. सांगा म्हणावं. लताने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. या खेपेला मी ऐकायची नाही. वाळवंटात उतरवलंत तर चालत विमानतळ गाठीन.

खाणाखुणा तरी किती असाव्यात! चार दिवस शरद सकाळी उठून स्वतः चहा करत होता. तो चहा कसा होता हा प्रश्न वेगळा, पण करत होता. घरातला फोन मंगळवारपासून मुका झाला होता. "खात्यात तक्रार केलीय," शरद म्हणाला. लताने झाडू मारताना पाहिलं, तर फोनची तार भिंतीतून उपटलेली. तिने ती पुन्हा खोचली नाही. हा कुठवर जातो ते बघू, असं तिने ठरवलं होतं.

गाडीने डांबरी सडक सोडली आणि ती वाळूत उतरून डुलायला लागली. यूसुफ मूळचा दाभोळचा. अम्गराला एका कुवेतीच्या लाकूडसामानाच्या वखारीवर होता. त्या मालकाने खिरानच्या अलीकडे, समुद्र जमिनीत वाटीसारखा शिरलाय तिथे, चार खोल्या ठोकून ठेवल्या होत्या. मालक स्वतः हिवाळ्यात एखाद्या वेळी यायचा, एरवी किल्ली यूसुफकडे. एसीच्या आणि मोटारींच्या खोक्यांची लाकडं, वर पत्रा, पुढे खजुराच्या झावळ्यांची ओसरी. खोक्यांवरचे 'ही बाजू वर' सांगणारे बाण कुठे आडवे, कुठे उलटे आलेले. आत दोन दोन लोखंडी खाटा, कोपऱ्यात रॉकेलची शेगडी आणि पाण्याचे पिंप.

"काय वैनी, आवडला का आमचा महाल?" यूसुफने गाडीतून उतरता उतरता विचारलं. "लाइट नाय, फोन नाय, कटकट नाय."

'फोन नाय' म्हणताना त्याने शरदकडे बघितलं. बघितलं आणि लगेच बर्फाची पेटी उचलायला धावला.

समोर ओहोटी लागली होती. पाणी इतकं उथळ आणि स्वच्छ, की तळची वाळू सुरकुतलेल्या चादरीसारखी दिसत होती. माणूस नाही, नाव नाही, कुत्रंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाला सुंदर वाटलं असतं. लताला वाटलं, ओरडलं तरी ऐकायला कुणी नाही.

"पाय भिजवतेस का?" शरद शेजारी येऊन म्हणाला. त्याने बूट काढले होते. लताने त्याच्या उघड्या पावलांकडे रोखून पाहिलं.

"मला काय सांगायचंय ते सांगून टाका आधी," ती म्हणाली.

"कुठे काय? काही नाही."

"मग मी सांगते. मी कराडला जाणार आहे. या खेपेला तुमची लॅब बंद पडली तरी जाणार."

"हो, जा की," शरद म्हणाला.

लता भांडायला कंबर कसून उभी होती. तिला 'जा की' एवढंच ऐकायला मिळालं. धावत जाऊन दाराला धडक द्यावी आणि दार आधीच उघडं असावं, तसं झालं.

"जा म्हणजे?"

"जा म्हणजे जा. म्हटलं तर त्याआधीही जा. उद्यासुद्धा." एवढं बोलून तो पाण्याकडे बघत राहिला. "मी बघतो मुलांचं."

आता मात्र लताच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं. बायकोला ठरल्या दिवसाच्या आधी माहेरी पाठवायची घाई कुठल्या नवऱ्याला होते? आणि मुलांचं बघणार म्हणे. ज्याला धाकट्याचा शाळेतला वर्ग सांगता यायचा नाही, तो! तिने ओळखीच्या सगळ्या नर्सबाया डोळ्यांपुढून सरकवल्या. त्यांतली एकही शरदसारख्या माणसाकडे ढुंकून बघेल असं तिला प्रामाणिकपणे वाटेना, आणि त्याचा तिला उगाच रागही आला. मग नोकरी गेली असेल? व्हिसा संपवून सगळ्यांनाच परत धाडत असतील? पण तसं असतं तर हरीश कशाला कुरकुरला असता? त्याचं काय जाणार होतं?

ती ओसरीवर परतली. बानू मासे धूत होती. लताने पदर खोचून सुरी उचलली.

"तू बस गं," बानूने सुरी अलगद काढून घेतली. "आज तू काय पण करू नको."

"का? मी पाहुणी आहे का?"

"बस म्हटलं ना." बानूचा ओला हात लताच्या गालाकडे आला, अर्ध्यावर थांबला आणि परत माशांकडे गेला. "सकाळी काय खाल्लंस तरी का तू?"

"बानू, माझ्याकडे बघ. काय चाललंय?"

"मासे चाललेत," बानू खाली मान घालून म्हणाली. "हळद दे ती."

हरीश तर तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. दूर जाऊन एकटाच शिंपले वेचत होता आणि वेचलेले परत फेकून देत होता. एरवी हा माणूस 'वहिनी, वहिनी' करून डोकं उठवायचा.

जेवणाची चटई अंथरली. यूसुफने तव्यावरून पापलेटं काढली. कडा कुरकुरीत, वर लिंबू पिळलेलं. वास असा की माणूस भांडण विसरावा. "सगळ्यात मोठं वैनीला," यूसुफ म्हणाला. शरदने स्वतःच्या हाताने ते तिच्या ताटात वाढलं. "काटा बघून खा," असंही म्हणाला. लता घास मोडणार, इतक्यात प्रभाने पिशवीतून आपला डबा काढला आणि झाकण उघडलं.

डब्याच्या एका पुडात पिठलं होतं, आणि दुसऱ्यात पांढरा भात.

डबा उघडला आणि प्रभा तशीच झाकण हातात धरून बसली. आपण काय आणलंय ते जणू तिलाही आत्ताच दिसत होतं. हरीशने डब्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारायचा तो केसांतून फिरवला.

"पिठलं?" लताने विचारलं. "पापलेटाबरोबर?"

"सहज केलं," प्रभा म्हणाली. "पहाटे उठले... हाताला येईल ते केलं."

हाताला येईल ते. लता पिठल्याकडे बघत राहिली.

फरवानियातल्या मराठी घरांत एक रीत पडून गेली होती, आणि ती पाडली होती लतानेच. कुणाच्या गावाहून वाईट बातमी आली, की ती त्या माणसाला सोडून बाकी सगळ्यांना आधी कळायची. पासपोर्ट मालकाकडून सुटेपर्यंत, तिकीट मिळेपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही. ज्याला जाता येत नाही त्याने इथे भिंतींकडे बघत रडून काय करायचं, असं लताचं म्हणणं. त्याला फोनपासून लांब ठेवायचं. काहीतरी निमित्त काढून पोटभर खाऊ घालायचं, कारण पुढे त्याला अन्न जायचं नाही. आणि विमानात बसवताना 'गेले' म्हणायचं नाही, 'सीरियस आहेत' म्हणायचं. हे बोलायचं काम लताचं. तिला ते फार चांगलं जमायचं. हरीशचे वडील वारले तेव्हा त्यालाही तिनेच सांगितलं होतं, "जरा सीरियस आहेत हो, भावजी." हरीश वडिलांच्या पायांना शेक द्यायला म्हणून विजेचा हीटर घेऊन गेला होता. परत आल्यावर त्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि लतानेही विचारलं नाही.

आणि बातमी फुटली, घरात चूल थंड झाली, की पिठलं-भाताचा डबा नेऊन द्यायचं काम नेहमी प्रभाचं. इतक्या घरी नेला होता तिने तो डबा, की आज पहाटे कुणी न सांगता तिचे हात आपोआप बेसनाकडे गेले.

चटईवर कुणी जेवत नव्हतं. लताने ताट हळूच पुढे सरकवलं. तिला सगळं एकदम दिसलं. उपटलेली तार, कडू चहा, 'उद्यासुद्धा जा', बानूचा अर्ध्यावर थांबलेला हात. सगळ्यांबद्दल संशय घेऊन झाला होता तिचा, नर्सबायांबद्दलसुद्धा. फक्त एका गोष्टीच्या वाटेला तिचं मन गेलं नव्हतं. गेलं नव्हतं की तिने जाऊ दिलं नव्हतं, कुणास ठाऊक.

"सांगा," ती शरदला म्हणाली.

शरदने घसा खाकरला. "आई जरा... सीरियस आहेत. लॅबमध्ये तुझ्या भावाचा ट्रंक कॉल आला होता. तिकीट बदलून उद्या रात्रीचं घेतलंय मी. डॉक्टर प्रयत्न करताहेत."

'डॉक्टर प्रयत्न करताहेत' हे वाक्य लताचं होतं. त्याआधी किंचित थांबायचं, तेही तिचंच. शरदने दोन्ही पाठ केलं होतं. ते चोख म्हणता आल्याबद्दल त्याला हायसं वाटलेलं तिला दिसलं, आणि त्याची दयाही आली.

यूसुफ शेगडीची वात उगाच खालीवर करत बसला. प्रभाने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. आता लताने रीतीप्रमाणे 'अगं बाई!' म्हणायचं, बॅग आवरायला उठायचं, आणि सगळ्यांनी मिळून उद्या रात्रीपर्यंत हे ओढायचं. विमानात बसेपर्यंत आई आजारी. मुंबईला उतरेपर्यंत आजारी. सोपं होतं ते. तसं तर तसं. क्षणभर तिला वाटलं, करावं तसं. एक दिवस तेवढाच.

"शुद्धीवर आहे?" तिने विचारलं.

"हो... म्हणजे, मधून मधून."

"काही खाते का?"

"खातात थोडं. पेज वगैरे."

"कोण भरवतं?"

"वहिनी भरवतात तुझी."

"वहिनीच्या हातचं ती खात नाही," लता म्हणाली. "पेज तर नाहीच नाही. लहानपणापासून तिला पेजेची शिसारी आहे."

हरीश ताडकन उठून उभा राहिला. "शरदराव, बस करा हो आता. मी गेलोय यातून. नका असं..."

"तुम्ही नका बोलू, भावजी," लता त्याच्याकडे न बघता म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तुमचं मी ऐकीन नंतर. जे काय ऐकायला लागेल ते सगळं ऐकीन. पण हे यांना सांगू द्या. दोनदा जाणं मोडताना यांनीच सांगितलं होतं ना मला? मग हेही यांनीच सांगायचं."

पाणी पार लांब गेलं होतं. उघड्या पडलेल्या वाळूवर छोटे खेकडे धावत होते.

"काल काय खाल्लं तिने?" लताने विचारलं.

शरद आयुष्यात पहिल्यांदाच चार माणसांच्या देखत बायकोजवळ सरकला, आणि त्याने तिचा चटईवर टेकलेला हात दोन्ही हातांत धरला.

"काल नाही," तो म्हणाला. "आई गेल्या, लता. सोमवारीच गेल्या. मी तुला जाऊ दिलं नाही, आणि त्या तुझी वाट बघत गेल्या."