केसरबाईने धरलेला सा

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. पिंपळगाव राजाकडच्या एका लहानशा चर्चमध्ये, वेदीच्या डाव्या अंगाला माझी जागा. पायाने भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी पट्ट्या दाबायच्या, असा माझा खाक्या. जन्म कलकत्त्याचा, पण सारी हयात इथल्या काळ्या मातीच्या धुळीत गेली, तेव्हा मला वऱ्हाडीच म्हणा.

मला वाजवणारा पुंजाजी शेतकरी. खामगावच्या एका गवयाकडे जाऊन-येऊन तो रागदारी शिकला होता. चर्चमध्ये तेव्हा लॅटिन गीतं चालत, त्यामुळे त्याचे राग घरच्या ओसरीवरच राहिले. एवढे सूर पोटात घेऊन मी बसलेली, आणि एक राग नशिबी नाही! फार वाईट वाटे.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होऊ लागली. त्याच सुमारास पुंजाजीच्या लेकीचं, मार्थाचं, लग्न ठरलं. फादर म्हणाले, नवरी आत येताना आपल्या रागातलं स्तोत्र होऊ द्या. त्यांना यमन आवडे. पुंजाजीने नकारार्थी मान हलवली. लग्न सकाळचं आणि यमन संध्याकाळचा. तोडी सकाळची खरी, पण त्याच्या बायकोला, केसरबाईला, ती ऐकून रडूच येई. शेवटी बिलावल ठरला. मी हरखून गेले.

पण मित्रांनो, आमच्याकडे नवरीला तिचा बाप हात धरून वेदीपर्यंत नेतो. राग निवडण्याच्या नादात हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. तालमीच्या दिवशी पुंजाजी माझ्यापुढे बसला आणि मार्था दारात एकटीच उभी राहिली, तेव्हा घोटाळा उमगला: मला वाजवणाराच नवरीचा बाप! चुलत्याने न्यावं, असं कोणी सुचवलं. मार्थाचे डोळे भरले. पुंजाजी पट्ट्यांवरचा हात काढेना. आयुष्यभर वाट पाहिलेलं गाणं एकीकडे आणि लेक दुसरीकडे.

"बाबा, गानं तुमच्या गळ्यात हाये," मार्था म्हणाली. "माह्या संगं गात चाला."

"अन् सूर कोन धरीन?"

केसरबाई पुढे आली. "मले पट्टी दाखवा. मी धरीन."

तिने मला कधी हात लावला नव्हता, पण शिवणयंत्र चालवून पाय सरावलेले होते. पुंजाजीने तिला सा दाखवला.

लग्नाच्या सकाळी पुंजाजी लेकीचा हात धरून गात आला. बिलावल चर्चभर पसरला. माझ्या वाट्याला एकच सूर, पण त्याचा मला अभिमान वाटत होता. वेदीपाशी लेकीचा हात सोडायची वेळ आली आणि त्याला रडू फुटलं. गाणं थांबलं. केसरबाईही रडत होती, पण तिने ना पाय थांबवला ना बोट उचललं. सा चालूच राहिला. पुंजाजीने डोळे पुसले, तो सा पकडला आणि स्तोत्र पुरं केलं. त्या दिवशी लोकांनी मला फुलांची माळ घातली.

आता चर्चमध्ये विजेची पेटी आली आहे. मी कोठीत पडून आहे आणि उंदरांनी माझा भाता कुरतडला आहे. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर त्याची धूळ पुसा. वाजवता येत नाही म्हणून लाजू नका. एक सूर धरता आला, तरी कोणाचं तरी थांबलेलं गाणं पुढे जातं.