महाराणीचं शेवटचं दूध

"खिडकी उघड, आणि आता कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घ्यायचा नाही!" मी फर्मान काढलं.

डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे आणि समोर स्टीलच्या पातेल्यात बकरीच्या दुधाचे गोठलेले खडे. मी अगदी शास्त्रज्ञ दिसत असणार. आई दारातून म्हणाली, "बेडूक दिसतेयस. डोळे गेले तर माझ्याकडे यायचं नाही."

"डोळे गेल्यावर येऊ कशी? वाट कशी दिसणार?"

स्टुलावर बसलेली आत्या खुसखुसली. मी करत असलेला हा साबण तिच्यासाठीच होता. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात आहे, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. आता यंत्रं आली, तरी रक्ताचे डाग तिच्याच हातांकडे येतात. तळव्यांना अशा भेगा, की स्वेटर घालताना लोकर अडकते. लाडात आली की ती मनगटाची आतली बाजू माझ्या गालावर फिरवते. तळवा कधीच नाही. मला टोचेल म्हणून, असं मी धरून चालले होते. बकरीच्या दुधाचा साबण भेगांना चांगला, हे कळल्यावर मी वर्गात छाती ठोकून सांगून टाकलं, आत्याचे हात आता मी बरे करणार!

"जन्मभर साबणानंच खाल्ले हे हात," आत्या म्हणाली होती, "आणि तू औषध म्हणून साबणच करतेस होय गं?"

पण दूध तिनंच दिलं. तिची बकरी, महाराणी, म्हातारी झाली होती. यंदा आटली ती आटलीच. फ्रीजरमधलं हे शेवटचं. बिघडलं की संपलं.

वाटीत मोजून घेतलेला कॉस्टिक सोडा मी चिमूट चिमूट सोडत होते. सगळी मेख इथेच होती. सोडा पडला की दूध तापतं, फार तापलं की जळतं, नारिंगी होतं. म्हणून तर ते गोठवायचं. खडे विरघळू लागले.

"पिवळं पडलं गं!" आई.

"पिवळं चालतं. नारिंगी नाही चालत."

"अगं, कडेला बघ!"

ती इतक्या जोरात ओरडली की माझा हात हलला आणि वाटीतला उरलेला सोडा एकदम आत. फस्सकन वाफ आली. आईनं पातेलं बाजूला ओढायला कडेला हात लावला आणि "आई गं!" करून झटकला. बर्फ घ्यायला मी फ्रीजकडे धावले.

"एवढं काही तापलं नाही," मागून आत्याचा शांत आवाज आला.

मी वळले. तिची दोन बोटं पातेल्यात होती. धुलाईखान्यातलं पाणी बघावं तशी.

मी किंचाळले. तिला ओढत नळाखाली नेलं, पाणी सोडलं आणि धरूनच ठेवलं. बोटं लालबुंद झाली होती.

"चरचरतंय ना? खोटं बोलू नकोस!"

"खोटं कशाला बोलू? मला तिथं काही कळतच नाही गं. फार वर्षं झाली."

मी आईकडे पाहिलं. आईला माहीत होतं.

"तू तान्ही होतीस," आत्या नळाच्या धारेकडे बघत म्हणाली, "तुझ्या आंघोळीचं पाणी मी हातानं बघितलं. मला ते कोमटच वाटलं. वहिनीनं हात घातला म्हणून वाचलीस. तेव्हापासून मी मनगटानं बघते. मनगटाला अजून कळतं."

आईनं माझा चष्मा काढून स्वतःला लावला, मोजे चढवले आणि पातेलं हातात घेतलं. आम्ही दवाखान्यात जाऊन आलो तोवर तिनं ते तेलात घोटून साच्यात ओतलं होतं.

साबण झाला. गुळासारखा तपकिरी, आधी वास मारणारा. तो मुरेपर्यंत आत्याच्या बोटांची कातडी नवी आली. मग एका दुपारी तिनं वडी ओली केली, मनगटाच्या आत फिरवली, धुतली आणि डोळे मिटले.

"मऊ आहे," ती म्हणाली आणि सवयीनं मनगट माझ्या गालाकडे आणलं.

मी तिचा हात उलटा केला आणि तळवा गालावर ठेवला. टोचला. टोचू दे.

"कळतंय काही?"

"नाही," ती म्हणाली. पण हात काढला नाही.